बारा मैलांचं वर्तुळ

अमेरिकेचा नकाशा समोर घ्या आणि राज्यांच्या सीमांवरून नजर फिरवा. काही सीमा नदीबरोबर वळणं घेतात, काही डोंगरांच्या माथ्यावरून जातात, आणि पश्चिमेकडे सरकलात की बहुतेक सीमा पट्टी ठेवून ओढलेल्या दिसतात. आता पूर्व किनाऱ्यावर या. फिलाडेल्फियाच्या नैऋत्येला, समुद्राला बिलगून, डेलावेअर नावाचं चिमुकलं राज्य आहे. त्याच्या माथ्याकडे नीट बघा. तिथली रेघ सरळ नाही, नदीची नाही, डोंगराचीही नाही. ती चक्क गोल आहे!

राज्याची सीमा आणि गोल? निसर्ग अशी सीमा आखत नाही. ती कुणीतरी कंपास घेऊनच आखलेली असणार. मग कंपासचं टोक रोवलं कुठे?

ती जागा आजही बोट ठेवून दाखवता येते. डेलावेअर नदीच्या काठी न्यू कॅसल नावाचं पाच-साडेपाच हजार वस्तीचं गाव आहे. तिथे १७३२ साली उभी राहिलेली न्यायालयाची विटांची इमारत आहे आणि तिच्या छपरावर एक घुमटी आहे. ही घुमटी म्हणजे त्या वर्तुळाचा कायद्यानं मानलेला केंद्रबिंदू. तिच्यापासून बारा मैलांवर फिरणारा कंस ही डेलावेअर आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांमधली हद्द. एका लहान गावातल्या एका इमारतीच्या छपरावरून दोन राज्यांची शीव ठरली आहे!

या गावात कोपऱ्याकोपऱ्यावर इतिहासाचे फलक लावलेले आहेत. सगळे वाचायला बसलात तर आधी एकच प्रश्न पडेल: हे गाव नेमकं होतं कुणाचं? १६५१ साली पीटर स्टायव्हेसंट या डच गव्हर्नरानं इथे किल्ला बांधला. त्याआधी ही भूमी लेनापे लोकांची होती. १६५४ मध्ये स्वीडिश आले आणि त्यांनी किल्ला घेतला. पुढच्याच वर्षी डचांनी तो परत मिळवला. १६६४ मध्ये इंग्रजांनी डचांना हुसकलं, १६७३ मध्ये डच पुन्हा आले, १६७४ मध्ये इंग्रज पुन्हा आले. जेमतेम पंचवीस वर्षांत एवढ्या उलथापालथी! म्हणून त्या न्यायालयाच्या सज्ज्यावर आजही चार देशांचे झेंडे फडकतात: स्वीडन, हॉलंड, ब्रिटन आणि अमेरिका.

आता वर्तुळाकडे वळू. ते कशासाठी आखलं? इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स हा विल्यम पेन याच्या दिवंगत वडिलांचं सोळा हजार पौंडांचं देणं लागत होता. रोख रक्कम देण्यापेक्षा अमेरिकेतली जमीन देणं राजाला सोपं होतं. १६८१ साली त्यानं पेनला सनद दिली आणि पेनसिल्व्हेनिया जन्माला आलं. अडचण एकच होती. न्यू कॅसल आणि आसपासचा मुलूख राजाच्या धाकट्या भावाच्या, ड्यूक ऑफ यॉर्कच्या ताब्यात होता. ड्यूकच्या माणसांना हा नवा शेजारी गावाच्या उंबऱ्याशी नको होता. घासाघीस झाली आणि बारा मैलांवर तडजोड ठरली. सनदेत लिहिलं गेलं की पेनच्या जमिनीची दक्षिण हद्द न्यू कॅसलपासून बारा मैलांवरच्या वर्तुळानं जाईल, ते वर्तुळ चाळिसाव्या अक्षवृत्ताला भेटेल आणि तिथून हद्द सरळ पश्चिमेला जाईल.

कागदावर किती सुबक! जमिनीवर मात्र हे अशक्य होतं. न्यू कॅसल आहे ३९ अंश ४० कलांच्या आसपास. चाळिसावं अक्षवृत्त तिथून तेवीस-चोवीस मैल उत्तरेला आहे. बारा मैल त्रिज्येचं वर्तुळ तेवीस मैल दूरच्या रेषेला भेटणार कसं? लंडनमध्ये ज्या नकाशांवर बोट ठेवून ही सनद लिहिली गेली, त्यांत चाळिसावं अक्षवृत्त बरंच खाली, दक्षिणेला दाखवलेलं होतं. राजाच्या शिक्क्यानिशी दिलेली सनद अशा एका बिंदूवर उभी होती, जो पृथ्वीवर नव्हताच!

आणि ही चूक साधी नव्हती. दक्षिणेकडचं मेरिलंड लॉर्ड बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट घराण्याचं होतं. त्यांची सनद १६३२ ची, पेनच्या सनदेला जवळपास पन्नास वर्षं ज्येष्ठ, आणि तीही चाळिसाव्या अक्षवृत्तापर्यंतची. खरं चाळिसावं अक्षवृत्त जातं फिलाडेल्फियाच्या वरून. म्हणजे बाल्टिमोरचं म्हणणं अक्षरशः मानलं असतं, तर पेननं हौसेनं वसवलेली राजधानी मेरिलंडमध्ये गेली असती!

दरम्यान पेननं एक धूर्त चाल खेळली. समुद्राकडे जायला आपल्या वसाहतीला वाट हवी, हे ओळखून त्यानं १६८२ मध्ये ड्यूककडून ते वर्तुळच मिळवलं, आणि त्याखालचा किनाऱ्याचा पट्टाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो न्यू कॅसलला उतरला. कबजा देण्याचा विधी गावकऱ्यांच्या साक्षीनं झाला. त्याच्या हातात किल्ल्याची किल्ली दिली गेली, मग गवताच्या मुळांसकट मातीचं एक ढेकूळ, त्यावर एक फांदी, आणि भांड्यात नदीचं पाणी. माती, झाड, पाणी: तिन्ही हाती आलं की जमीन तुमची. ज्याला लांब ठेवण्यासाठी वर्तुळ आखलं होतं, तोच आता वर्तुळाचा मालक झाला!

मग हद्द पुसून का टाकली नाही? कारण वर्तुळाच्या आतल्या लोकांना पेनसिल्व्हेनियात विरघळून जायचं नव्हतं. त्यांना आपली वेगळी विधानसभा हवी होती, आणि ती मिळालीही. मालक एक, पण घरं दोन. तेव्हा घरांमधली भिंत नेमकी कुठे, हे बघायलाच हवं होतं. म्हणून १७०१ साली आयझॅक टेलर आणि थॉमस पिअर्सन हे दोन मोजणीदार साखळी घेऊन निघाले.

इथे क्षणभर थांबून विचार करा. तुम्हाला जमिनीवर बारा मैल त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आहे. खुंट्याला दावं बांधून सोडलेला बैल चरता चरता आपोआप गोल फिरतो. पण एकोणीस किलोमीटरचं दावं आणणार कुठून? मध्ये जंगल, ओढे, दलदल, टेकड्या. केंद्र तर दिसतच नाही. मग करायचं काय?

त्यांनी जी युक्ती केली ती नववीतल्या भूमितीची आहे. आधी गावापासून साखळीनं मोजत बारा मैल उत्तरेला जायचं. तिथून केंद्राकडे पाठ किंवा तोंड करायची गरजच नाही. आडव्या दिशेनं एक छोटी सरळ जीवा मोजायची, मग होकायंत्रावर एक अंश वळायचं, पुन्हा तेवढीच जीवा, पुन्हा एक अंश. बारा मैल त्रिज्येच्या वर्तुळावर एका अंशाचा कंस भरतो सुमारे ३३७ मीटर. तीन-साडेतीनशे मीटरचा सरळ तुकडा, एक अंश वळण, सरळ तुकडा, एक अंश वळण. असे तुकडे जोडत गेलं की लांबून बघणाऱ्याला वर्तुळच दिसतं. वाटेतल्या झाडांच्या खोडांवर कुऱ्हाडीनं खाचा पाडल्या, की झाली राज्याची सीमा!

गंमत अशी की या मोजणीची सुरुवात घुमटीपासून झालीच नाही, कारण ती इमारत तेव्हा नव्हती. मोजणी सुरू झाली गावातल्या एका बांधाच्या टोकापासून. घुमटी हे केंद्र ठरलं ते पन्नास वर्षांनी. त्यामुळे आजची सीमा बारकाईनं तपासली तर ती एकाच वर्तुळाचा निर्दोष कंस नाही. थोड्या वेगवेगळ्या त्रिज्यांचे आणि केंद्रांचे तुकडे जोडून ती बनलेली आहे. होकायंत्राचा डळमळता काटा आणि दलदलीत रुतलेली साखळी यांच्या खुणा तीनशे वर्षांनंतरही नकाशात शिल्लक आहेत.

इकडे पेन आणि बाल्टिमोर ही दोन घराणी भांडतच राहिली. बाल्टिमोरचा दावा होता की डेलावेअरही मुळात आमचंच. त्याला उत्तर मिळालं एका उद्ध्वस्त वस्तीतून. १६३१ साली, म्हणजे मेरिलंडच्या सनदेच्या एक वर्ष आधी, आजच्या लुईस गावाजवळ काही डचांनी वस्ती केली होती. ती लवकरच मूळ रहिवाशांशी झालेल्या झगड्यात नष्ट झाली. पण मेरिलंडच्या सनदेत अट होती की जमीन तोवर न कसलेली असावी. पेनच्या बाजूनं सांगितलं गेलं की इथे तर आधीच युरोपीयांचा नांगर लागला होता! एखाद-दोन वर्षं टिकलेल्या वस्तीनं एक अख्खं राज्य वाचवलं. लुईसमध्ये १९०९ साली उभारलेल्या स्मारकावर तेच श्रेय कोरलेलं आहे.

१७३२ मध्ये दोन्ही घराण्यांनी करार केला आणि लगेच त्याच्या अर्थावरून भांडू लागली. मेरिलंडच्या बाजूनं काढलेला एक मुद्दा ऐकून आजचे वकीलही टोपी काढतील. कागदात बारा मैलांचं वर्तुळ म्हटलंय ना? मग बारा मैल ही त्रिज्या कशावरून? तो परीघ असेल! परीघ बारा मैल धरला तर त्रिज्या दोन मैलसुद्धा भरत नाही. एका शब्दखेळात वर्तुळातली बहुतेक सगळी जमीन गडप!

हा वाद लंडनला लॉर्ड चॅन्सेलर हार्डविकपुढे गेला आणि १७५० साली निकाल लागला. केंद्र गावाच्या मध्यात, आणि बारा मैल ही त्रिज्या. त्यानंतर नेमलेल्या आयुक्तांनी केंद्र म्हणून न्यायालयाची घुमटी मुक्रर केली. हा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. जमीन समुद्रापार असली तरी माणूस न्यायालयाच्या हद्दीत असेल, तर त्या माणसाला करार पाळायला लावता येतं, असं हार्डविकनं म्हटलं. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ मधला अपवाद याच जुन्या तत्त्वावर उभा आहे.

निकाल लागला, पण जमिनीवर तो उतरवणार कोण? आणि इथे या कथेतलं सर्वांत अवघड गणित येतं. मेरिलंड आणि डेलावेअर यांची हद्द ठरली होती अशी: दोन्ही जिथे भेटतात त्या द्वीपकल्पावर आरपार ओढलेल्या आडव्या रेघेचा मध्यबिंदू घ्या, तिथून उत्तरेकडे एक सरळ रेघ ओढा, आणि ती बारा मैलांच्या वर्तुळाला फक्त स्पर्श करून जाऊ द्या. वहीत स्पर्शिका काढायला दोन मिनिटं पुरतात. इथे रेघेची लांबी होती सुमारे ८२ मैल. वाटेत जंगल, दलदल आणि नद्या. आणि ज्या वर्तुळाला स्पर्श करायचा, ते डोळ्यांना न दिसणारं! सुरुवातीला एका अंशाची चूक झाली तर शेवटी रेघ जवळजवळ दीड मैल बाजूला पडणार. स्थानिक मोजणीदार तीन वर्षं झगडले आणि थकले.

तेव्हा दोन्ही घराण्यांनी इंग्लंडहून दोन माणसं बोलावली: ग्रिनिच वेधशाळेत काम केलेला चार्ल्स मेसन आणि डरहॅमकडचा मोजणीदार जेरेमाया डिक्सन. या जोडीनं १७६१ मध्ये केप ऑफ गुड होपला शुक्राचं अधिक्रमण टिपलं होतं. नोव्हेंबर १७६३ मध्ये ते फिलाडेल्फियाला पोहोचले.

जमिनीवरच्या भांडणासाठी खगोलशास्त्रज्ञ का? कारण हलत नाही अशी खूण फक्त आकाशात मिळते. होकायंत्राचा काटा जागोजागी बहकतो. तारे बहकत नाहीत. स्पर्शिकेसाठी त्यांनी आधी एक चाचणी रेघ ओढली, टोकाला गेल्यावर ती किती हुकली ते मोजलं, आणि मग मागे येत प्रत्येक मैलाला किती सरकायचं याचा हिशेब करून खरी रेघ जमिनीवर मांडली. चूक टाळण्याऐवजी त्यांनी चूक मोजून घेतली. किती साधी आणि किती भारी कल्पना!

पेनसिल्व्हेनिया आणि मेरिलंड यांच्यातल्या आडव्या हद्दीसाठी त्यांचं खरं अस्त्र होतं ते सहा फुटी दुर्बिणीचं एक यंत्र, जे सरळ डोक्यावर, खमध्याकडे रोखलेलं असतं. निरीक्षकानं त्याखाली पाठीवर पडून डोक्यावरून सरकणारे तारे बघायचे. शेजारी एक ओळंबा लटकत असतो. तारा ओळंब्याच्या रेषेपासून किती कोनात आहे ते वाचलं की आपण पृथ्वीवर किती उत्तरेला आहोत ते कळतं. नेमकं डोक्यावरचंच आकाश का? क्षितिजाकडच्या ताऱ्याचा प्रकाश हवेतून येताना वाकतो आणि तारा भलत्याच जागी दिसतो. डोक्यावरच्या ताऱ्याला ही बाधा जवळजवळ नाही. मोजताना एका विकलेची, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाची चूक झाली, तरी जमिनीवर सुमारे तीस मीटरचा फरक पडतो. म्हणून हे नाजूक यंत्र जंगलातून नेताना गाडीत चक्क गादीवर निजवून नेत.

आता पुढचं नवल. पूर्व-पश्चिम जाणारं अक्षवृत्त आपल्याला सरळ वाटतं, पण गोल पृथ्वीवर ते सरळ नसतं. नाकासमोर अगदी सरळ पश्चिमेला चालत राहिलात, तर तुम्ही हळूहळू अक्षवृत्ताच्या दक्षिणेला घसरता. म्हणून मेसन आणि डिक्सन दहा-बारा मैल सरळ जात, मुक्काम करत, रात्रींमागून रात्री तारे मोजत, आणि मागच्या प्रत्येक मैलाला रेघ किती फूट सरकवायची ते काढत. पुढे झाडं तोडणारे, मागे साखळी धरणारे, स्वयंपाकी, गाडीवान. शेवटी शेवटी तांड्यात शंभराच्या वर माणसं होती. आणि ही रेघ कुठून मोजायची? फिलाडेल्फियातल्या सर्वांत दक्षिणेकडच्या घराच्या उत्तर भिंतीपासून बरोबर पंधरा मैल दक्षिणेला! एका घराची भिंत आणि एका कचेरीची घुमटी यांनी तीन राज्यं वेगळी केली.

त्यांच्या हातातली साखळीही आपल्या ओळखीची आहे. इंग्रज गणिती एडमंड गुंटर यानं रूढ केलेली ती ६६ फुटांची साखळी. अशा ८० साखळ्या म्हणजे एक मैल आणि दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. मुंबई इलाख्यात मोजणीसाठी तिची अर्धी, ३३ फुटी साखळी वापरली गेली. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे आपला एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. सातबाऱ्यावरचा गुंठा आणि डेलावेअरची सीमा एकाच मापाच्या घरातली आहेत.

हद्दीवर रोवायचे दगड मात्र अमेरिकेतले नव्हते. पोर्टलंड बेटावरच्या चुनखडीचे ते खांब इंग्लंडमध्ये घडवून जहाजातून आणले. एकेकाचं वजन तीनशे ते सहाशे पौंड! दर मैलाला एक दगड, त्याच्या एका बाजूला मेरिलंडचा एम आणि दुसऱ्या बाजूला पेनचा पी. दर पाचव्या मैलाला मोठा दगड, त्यावर एकीकडे कॅल्व्हर्ट घराण्याचं आणि दुसरीकडे पेन घराण्याचं चिन्ह कोरलेलं. यांतले कितीतरी दगड अजून शेतांच्या कडेला आणि रस्त्यालगत उभे आहेत. डेलावेअरच्या हद्दीवरही डी सापडत नाही, पी सापडतो. कारण दगड घडले तेव्हा डेलावेअर हे राज्य नव्हतंच.

ते झालं १५ जून १७७६ रोजी, त्याच घुमटीखाली. तिथे भरलेल्या विधानसभेनं एका दमात दोन नाती तोडली: ब्रिटनशी आणि पेनसिल्व्हेनियाशीही. त्या दिवसापासून बारा मैलांचा कंस दोन राज्यांची सीमा झाला आणि सगळे जुने घोळ उघडे पडले. स्पर्शबिंदूपासून मेरिलंडची हद्द थेट उत्तरेला जाते, वर्तुळ मात्र पूर्वेकडे वळत जातं. दोन्हींच्या मध्ये पाचरीच्या आकाराचा जेमतेम सातशे एकरांचा तुकडा उरला. तो मेरिलंडचा नाही, कारण रेघेच्या पूर्वेला. डेलावेअरचा नाही, कारण वर्तुळाबाहेर. आणि पेनसिल्व्हेनियाचा म्हणावा तर तो त्याच्या आडव्या हद्दीच्या खाली लोंबतो. १८९२-९३ मध्ये कंसाची नव्यानं मोजणी झाली, दगड बसवले गेले, आणि ही पाचर डेलावेअरला मिळाल्याचा शेवटचा शिक्का १९२१ साली बसला. अमेरिका स्वतंत्र होऊन एकशे पंचेचाळीस वर्षं झाली तरी सातशे एकरांचा धनी ठरायचा होता!

वर्तुळ नदीवर येऊनही थांबत नाही. सीमा नदीच्या मध्यातून जावी असं कुणालाही वाटेल. पण ड्यूकनं दिलं होतं ते वर्तुळातलं सगळं, पाण्यासकट. म्हणून या वर्तुळात नदीचं अख्खं पात्र न्यू जर्सीच्या काठावरच्या ओहोटीच्या रेषेपर्यंत डेलावेअरचं. न्यू जर्सीनं हरकत घेतली, १९३४ साली सर्वोच्च न्यायालयात हरलं. पुढे न्यू जर्सीच्या काठावर वायूचं मोठं टर्मिनल उभारायचं ठरलं, तर त्याचा धक्का पाण्यात, म्हणजे डेलावेअरमध्ये येत होता. डेलावेअरनं अडवलं आणि २००८ साली त्याच न्यायालयानं पुन्हा डेलावेअरच्या बाजूनं कौल दिला. राजाच्या भावानं दिलेल्या कागदानं एकविसाव्या शतकातला प्रकल्प रोखला! एवढंच नाही, नदीतला गाळ उपसून न्यू जर्सीच्या काठाला टाकला, तिथे जमीन तयार झाली, आणि ती जमीनही डेलावेअरचीच. आज न्यू जर्सीतून पायी चालत, नदी न ओलांडता डेलावेअरमध्ये जाता येतं.

मेसन आणि डिक्सन यांच्या मोजणीचा एक धागा मात्र फार दूर गेला. स्पर्शिकेचा प्रदेश सपाट होता, म्हणून १७६८ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीसाठी तिथे एका अंशाची जमिनीवरची लांबी मोजली. हेन्री कॅव्हेंडिशला शंका आली: पश्चिमेचे डोंगर ओळंब्याला आपल्याकडे ओढत असतील तर? ओळंबाच तिरका तर सगळं मोजमाप तिरकं! हे तपासायला १७७४ मध्ये स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगराशी ओळंबे टांगले गेले. डोंगरानं त्यांना खरंच ओढलं, आणि त्या ओढीवरून पृथ्वीची घनता काढता आली. तोच प्रश्न पुढे भारतात हिमालयाशी आला. विल्यम लॅम्बटननं सुरू केलेल्या आणि एव्हरेस्ट या मोजणीदारानं पुढे नेलेल्या मोजणीत ओळंबा हिमालयाकडे सुमारे पाच विकला कललेला भरला. हिशेबानं तो पंधरा विकला कलायला हवा होता! म्हणजे पर्वतांच्या खाली काहीतरी हलकं आहे. पर्वतांना खाली हलक्या खडकाची खोल मुळं असतात, ही समज इथून उगवली.

आता या वर्तुळाचा सर्वांत मोठा अर्थ. १७८० साली पेनसिल्व्हेनियानं गुलामगिरी टप्प्याटप्प्यानं संपवण्याचा कायदा केला. डेलावेअरमध्ये ती डिसेंबर १८६५ पर्यंत चालू राहिली. म्हणजे मधल्या काळात तो बारा मैलांचा कंस हीच गुलामी आणि स्वातंत्र्य यांच्यातली रेघ होती. दोन जमीनदारांना एकमेकांपासून लांब ठेवायला काढलेली गोल रेघ आता रात्रीच्या अंधारात माणसं जीव मुठीत धरून ओलांडत होती. पलीकडे गेल्यावरही पकडून परत नेण्याची भीती होतीच, पण तिकडे मदतीचे हात जास्त होते. वर्तुळाच्या आत, विल्मिंग्टन शहरात, थॉमस गॅरेट नावाचा क्वेकर लोखंडाचा व्यापारी राहत असे. तिथून सीमा सहा-सात मैल. तो पळून आलेल्यांना घरात घेई, खाऊ घाली आणि पुढे काढून देई. हॅरिएट टबमनलाही त्याची मदत झाली.

१८४८ मध्ये एका कुटुंबाला मदत केल्याबद्दल गॅरेट आणि त्याचा सहकारी जॉन हन यांच्यावर खटला चालला. कुठे? न्यू कॅसलच्या त्याच न्यायालयात, त्याच घुमटीखाली, वर्तुळाच्या बरोबर केंद्रात! न्यायासनावर होते सरन्यायाधीश रॉजर टॅनी, ज्यांनी नऊ वर्षांनी ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारलं. दोघांना जबर दंड झाला. गॅरेटनं काम थांबवलं नाही. आज ती इमारत राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे त्या खटल्याची कथा सांगितली जाते.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींची गाडी वॉशिंग्टनला जाताना बहुधा डेलावेअर मेमोरियल ब्रिजवरून जाते. पुढच्या वेळी एवढं लक्षात ठेवा: न्यू जर्सीचा काठ सुटला की पाण्यावर असतानाच तुम्ही डेलावेअरमध्ये शिरलेले असता. पूल उतरलात की न्यू कॅसल दहा-पंधरा मिनिटांवर आहे. गाडी वळवा आणि फलक वाचत गाव फिरा. आणि इथे महाराष्ट्रात असाल, तर तो लॅम्बटन आपल्या हिंगणघाटला विसावला आहे. १८२३ मध्ये मोजणीच्या वाटेवरच तो तिथे वारला. त्याची कबर बघून या, आणि आल्यावर आपल्या गावच्या शिवेवरचा दगड कुणी, कधी, कशासाठी रोवला ते भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन विचारा. दगड मुका असतो, पण त्याचे कागद बोलतात.